नुसता धरलेला फोन

माझ्या फोनचा डावा कोपरा मेलेला होता. एका मेंढीनं त्यावर पाय दिला होता, आणि तेव्हापासून त्या कोपऱ्यात कितीही दाबलं तरी काचेला पत्ता लागत नव्हता. लढाईच्या गेममध्ये माणूस पळवायचं चाक नेमकं त्याच कोपऱ्यात असतं. मग मी ते चाक ओढून मधे आणलं आणि अंगठा आत वळवून खेळायला शिकले. तीन वर्षं तशी खेळले. आजही फोन हातात घेतला की माझा डावा अंगठा आपोआप वाकडा होतो.

गेम सगळ्यांना माहीत असलेलाच. विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या मारतात, घराघरातून बंदुका गोळा करतात, आणि बेटावरचं सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं. बाहेर राहील तो मरतो, आत राहील त्याला दुसरे मारतात. शेवटी उरेल तो जिंकला. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला, घरात मेंढ्या. माळावर बसून चहूकडं नजर ठेवायची आणि कळप हळूहळू एका जागी आणायचा हे मी पाचवीपासून करत आले. त्यामुळे हा गेम मला शिकावा लागला नाही, फक्त बंदूक तेवढी नवीन होती.

फोन घेतला तेव्हा खात्यात मी खरं काय ते भरलं होतं, स्त्री म्हणून. त्याची शिक्षा पुढं रोज मिळाली. एक डाव संपला की जाहिरात यायची. नवरीचा मेकअप करा. केकवर क्रीम लावा. बाळाला आंघोळ घाला. मी आत्ताच चार जण आडवे करून आलेली, आणि फोन मला विचारतोय की नवरीला लिपस्टिक कोणती शोभेल. एके दिवशी डोक्यात सणक गेली आणि मी स्त्री खोडून पुरुष केलं. आठवड्याभरात जाहिराती बदलल्या. आता बंदुका आल्या, गाड्या आल्या, स्पर्धांच्या बातम्या आल्या. बाई त्यातही होतीच. तिच्या हातात तलवार होती आणि अंगावर इतके कमी कपडे की लढाईत हिचं कसं होणार याची मलाच काळजी लागली. फोनच्या जाहिरातींत मात्र दोन्हीकडं एकच प्रकार. मुलगा खेळतो, मुलगी त्याच्या खांद्यावरून बघते आणि टाळ्या वाजवते. मुलीच्या हातात फोन असलाच तर तो गुलाबी, आणि त्यात सेल्फी छान येतो.

खेळताना बोलायचा माइक मी एकदाच चालू केला. अनोळखी पोरांच्या टोळीत होते, आणि "उजवीकडं माणूस हाय" एवढंच म्हणाले. "अरे, पोरगी हाय बे!" असा गलका उठला. एकानं नंबर मागितला. दुसरा म्हणाला, "ताई, चुलीवर काय करपलंय का बघा आधी." तिसरा मला वाचवायला म्हणून उघड्यावर पळत आला आणि फुकट मेला. उजवीकडच्या माणसाकडं कुणीच बघितलं नाही, त्यानं आम्हा सगळ्यांना निवांत टिपलं. तेव्हापासून माइक बंद. नाव पुरुषाचं, तोंडाला कुलूप. खेळात मला कुणी ओळखत नव्हतं आणि तेच बरं, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं होतं. चांगलं खेळल्यावर कुणीतरी आपल्याला बघावं असं प्रत्येकालाच वाटतं.

मग वहिनी आली.

तिचं माहेर दिंद्रुडचं. घरात शेती, मेंढ्या कधीच्या विकलेल्या. लग्न होऊन आली तेव्हा तिला मेंढी पुढून धरायची की मागून हेसुद्धा ठाऊक नव्हतं. भाऊ ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडं असायचा, त्यामुळे दुपारची भाकरी घेऊन माळावर तीच यायची. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. माझ्या वडिलांना, आण्णांना, ती मामा म्हणायची, पण ते समोर असले की तोंडातून शब्द काढायची नाही. मला वाटलं, घ्या, आणखी एक गरीब गाय.

एका दुपारी मेंढ्या लिंबाच्या सावलीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून बसल्या होत्या. मी खेळत होते. वहिनी मागून बघत होती, जाहिरातीतल्या मुलीसारखी. थोड्या वेळानं म्हणाली, "वन्सं, तुमी खिडकीत लई वेळ थांबता." मी मान वर केली. तिनं कमरेची पिशवी उघडून स्वतःचा फोन काढला. माहेरी असताना ती माझ्यापेक्षा वरच्या पायरीला खेळत होती. लग्नानंतर चार महिने तिनं गेमला हात लावला नव्हता. सासरी काय म्हणतील, एवढंच कारण. मला तिचा इतका राग आला आणि इतका आनंद झाला की आधी काय बोलावं तेच सुचेना.

त्या दिवसापासून आम्ही जोडीनं खेळू लागलो. मी पुढं, ती मागं. मेंढ्या चालवतानाही असंच असतं. पुढचा माणूस मागं वळून बघत नाही, मागचा त्याला आवाजानं कळवत राहतो. जिभेचा एक टक म्हणजे सगळं ठीक. दोन टक म्हणजे डावीकडं बघ, तीन म्हणजे उजवीकडं. ओठांतून लांब हुर्र काढला की वळ. आणि बारीक शीळ घातली की थांब, मागं कुणीतरी राहिलंय. शीळ ऐकून पुढं जायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मेंढी वाटेत व्याली, लंगडली, काटेरी झुडपात अडकली, तरी पुढच्यानं माघारी यायचं. वहिनीला मी हे शिकवलं ते खरं तर मेंढ्यांसाठी. गेममध्ये ते कधी शिरलं ते आम्हाला कळलंच नाही.

बीडच्या एका मोबाइल दुकानदारानं स्पर्धा ठेवली. पत्रक आमच्या बाजारापर्यंत आलं. खुला गट, जोडीनं खेळायचं, पहिलं बक्षीस दोन नवे गेमिंग फोन. त्याखाली गुलाबी चौकटीत महिला विशेष गट. पहिलं बक्षीस पैठणी, दुसरं मिक्सर, तिसरं कुकर. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पैठणी नेसून मी कुठं उडी मारणार होते? मला फोन हवा होता, चारी कोपरे जिवंत असलेला. आणि त्याहून जास्त हवं होतं ते खुल्या गटात नाव. खेळणारी म्हणून, बाई म्हणून नाही. फॉर्मवर मुलींनी खुल्या गटात यायचं नाही असं कुठंही लिहिलं नव्हतं, म्हणून आम्ही तोच भरला. या वेळी नावं खरी लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन. "ताई, तुमचा फॉर्म चुकलाय. लेडीज गट येगळा हाय."

"चुकला न्हाई. खुल्यातच खेळायचंय."

मग त्याच्या आवाजात एकदम गोडवा उतरला. "मंग असं करू ना ताई. दोघींचे फोटो पाठवा. फ्लेक्सवर मोठे लावतो. नणंद-भावजयची जोडी, लई चालंल बघा!"

बीड जिल्ह्यात वाढदिवस असो, निवडणूक असो की बोअरला पाणी लागलेलं असो, चौकात फ्लेक्स लागतोच. त्याची मला सवय होती. पण वहिनी घाबरली. घरात कुणाला काही माहीत नव्हतं. "फोटो नगं वन्सं," म्हणाली, "मामांनी चौकात बघितलं तर माझं काय ऱ्हाईल?" मी दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. "बघतो मी," तो म्हणाला आणि त्यानं खरोखरच बघितलं.

पाच दिवसांनी आण्णा शिरूरच्या बाजारातून आले ते सरळ आमच्यासमोर येऊन उभे राहिले. आम्ही भांडी घासत होतो. त्यांनी खिशातून फोन काढला, त्यावर कुणाकडून तरी मागून घेतलेला फ्लेक्सचा फोटो होता. वर मोठ्या अक्षरात शिरूरच्या रणरागिणी, नणंद-भावजय. खाली दोन बायका. मोकळे केस, गुलाबी हेडफोन, लालभडक ओठ, हातात फोन. आमची नावं त्यांच्या पायाखाली. वहिनीच्या हातातलं ताट खाली पडलं. मला वाटलं, संपलं. आता ही माहेरीच जाते बहुतेक, आणि ते माझ्यामुळे.

आण्णांना दोनशे मेंढ्यांची तोंडं वेगवेगळी ओळखू येतात. त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ह्या कोण हायत?" त्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई, आण्णा. दुकानदारानं कुठून तरी आणून लावलाय."

"दोन न्हाईत ह्या. एकच बाई हाय. उलटी करून दोनदा लावलीय." मग त्यांनी बोट ठेवलं. "आन हिचा आंगठा बघ. काचेवर न्हाईच. ही कुठं खेळती? हिनं नुसता धरलाय."

त्यांनी माझा हात धरून वर केला. राखेनं भरलेला. "खेळणाराचा आंगठा असा ऱ्हातो," ते म्हणाले. "दोन साल झाले बघायलोय मी. कावून सांगितलं न्हाई?"

मला रडू फुटलं. कुणीतरी आपल्याला बघावं म्हणून मी इतकी कुढत होते, आणि बघणारा रोज समोर बसून भाकरी खात होता. ते मला त्या क्षणी फार लागलं आणि फार गोडही वाटलं.

आण्णांनी आम्हाला तिथंच बसवून एक डाव खेळायला लावला. वहिनी पाठ फिरवून, पदर ओढून बसली, पण खेळली. खेळात शिरली की तिला कशाचं भान राहत नाही. तिनं दोन टक दिले, मी डावीकडं वळले. आण्णा दचकले. मग तिनं हुर्र केलं आणि अंगणातलं कोकरूच वळून उभं राहिलं. आण्णा पोट धरून हसले. "ह्ये तर आपलंच हाय," म्हणाले. "जावा. मी येतो संगं. पर त्या बाईला आधी काढायला लावा."

बीडला स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दारातच तो फ्लेक्स. दुकानदार हात जोडून पुढं आला, आण्णांना खुर्ची दिली. आण्णा बसले नाहीत. "मालक," ते म्हणाले, "तुमच्या फोटोत एकच बाई हाय. आमच्या घरच्या दोन हायत." दुकानदाराला कळेना हसावं की काय करावं. तो म्हणाला, "काका, फोटो दिला नव्हता ना. आन असा फोटो लावला की लोकं थांबून बघतात." आण्णा म्हणाले, "थांबतेत. पर कुणाला बघतेत?" त्यानं पोराला हाक मारून फ्लेक्स उतरवायला लावला.

आत एका स्थानिक व्हिडिओ चॅनेलचा माणूस माइक घेऊन फिरत होता. पोरांना विचारत होता, कोणती बंदूक, कुठं उतरणार, डावपेच काय. आमच्याकडं आला आणि आवाज मऊ केला. "घरचं सगळं आवरून खेळायला वेळ कसा काढता? मिस्टरांची परवानगी आहे ना? जरा हसा की." मी तोंड उघडणार एवढ्यात वहिनीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्या पोरांना इचारलं का, जेवल्यावर ताट उचलून आलात का म्हणून? त्येंला बंदूक इचारली ना, मग आमालाबी बंदूकच इचारा." आण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदा बोलली ती ही अशी. त्यांनी छताच्या पंख्याकडं बघायला सुरुवात केली, जणू पंखा दुरुस्त करायलाच आलेत. त्या माणसानं मात्र नंतर खरोखर बंदूक विचारली, आणि वहिनीनं त्याला दहा मिनिटं सोडलं नाही.

खेळ सुरू झाला. हॉलमध्ये सगळ्या जोड्या शेजारी शेजारी आणि सगळ्यांचा आरडाओरडा. "घराच्या मागं जा!" "पुलावर हाय, पुलावर!" कोण कुठं आहे ते अख्ख्या कार्यालयाला ऐकू येत होतं. आम्ही दोघी नुसत्या टक टक करत होतो. शेजारची दोन पोरं हसली. "ह्या काय मेंढरं हाकायल्यात का बे?" हो, तेच करत होतो. त्यांच्याच ओरडण्यावरून आम्ही त्यांना पुलावर गाठलं, मग ती हसायची थांबली. एका डावात आम्ही चौथ्या, एकात दुसऱ्या. शेवटच्या डावात जिंकलो तर फोन आमचे होते.

त्या डावात शेवटी दोनच जोड्या राहिल्या. मी वर्तुळाच्या मधोमध खडकामागं, चांगल्या जागी. वहिनी मागच्या भिंतीजवळ होती आणि तिला गोळी लागली. या गेममध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, रांगत राहतो. जोडीदारानं जवळ जाऊन थोडा वेळ हात लावला तर उठतो. न उठवता मी खडकामागं बसून राहिले असते, तर वर्तुळ आवळल्यावर पुढची दोघं उघड्यावर आली असती. हे मला तेव्हाही दिसत होतं. बाद होऊन आमच्यामागं उभी राहिलेली पोरं ओरडत होती, "सोडा तिला ताई! थांबा तिथंच!"

आणि वहिनीच्या तोंडून शीळ निघाली. मुद्दाम नव्हे, सवयीनं.

मी माघारी पळाले. विचार केलाच नाही, पाय आपोआप वळले. तिच्यापाशी पोचले, हात लावला, ती अर्धी उठली असेल तेवढ्यात टेकाडावरून दोन्ही बंदुका आमच्यावर चालल्या. संपलं. फोन गेले.

"कावून आलात माघारी?" वहिनी रडवेली होऊन म्हणाली. "जिंकल्या असता की!"

"तूच शीळ घातली!"

आम्ही भांडतोय तेवढ्यात आण्णा आले. त्यांना बंदुका, वर्तुळ यातलं काही कळत नव्हतं, पण शीळ कळली होती. "बराबर केलं," एवढंच म्हणाले आणि दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला.

खुल्या गटात दुसरा नंबर आला. बक्षीस हेडफोन. दुकानदारानं मंचावर दोन डबे आमच्या हातात दिले, उघडले तर गुलाबी. माझं डोकं तापलं, पण माझ्याआधी वहिनी बोलली. "पोरांचा दुसरा नंबर आला असता तर ह्यो रंग दिला असता का?" दुकानदार ओशाळला. टेबलाखाली हात घालून त्यानं दोन काळे हेडफोन काढले. तेच खरे ठेवलेले होते, आमच्यासाठी त्यानं ऐन वेळी बदलले होते. मनानं वाईट माणूस नव्हता तो. मुलगी म्हटली की गुलाबी, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं होतं आणि ते चूक आहे असं सांगणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. खाली उतरलो तेव्हा महिला गटातल्या दोन मुली वाट बघत उभ्या होत्या. एकीच्या हातात कुकर होता. "खुल्याचा फॉर्म कुठं मिळतो?" तिनं विचारलं.

पुढच्या वर्षी दुकानदाराचाच फोन आला. "ताई, यंदा लेडीज गट ठेवला न्हाई. सगळ्या पोरींनी खुल्यातच फॉर्म भरलेत. पैठणी माझ्या गळ्यात पडली, बायकोला दिली. फ्लेक्सचं कसं करू?" मी काही म्हणायच्या आत वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. "फोटो मी पाठविते," ती म्हणाली. मी तिच्याकडं बघतच राहिले. वर्षापूर्वी फोटोच्या नावानं थरथरलेली ती हीच.

फोटो आण्णांनी काढला. दुपारी माळावर, लिंबाखाली. आम्ही हसून वर बघितलं तर ओरडले, "वर बघू नगा. खेळा." आम्ही खेळत राहिलो आणि त्यांनी केव्हा काढला ते कळलं नाही. वहिनीच्या डोक्यावर पदर, पदरावर काळा हेडफोन. माझा अंगठा वाकडा, कारण फोन अजून तोच. कोपऱ्यात एका मेंढीचं ढुंगण. दुकानदारानं मेंढी कापली, आणि आमची तोंडं चार छटा गोरी केली, ते काही त्याच्यानं राहवलं नाही. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं.

बाजारच्या दिवशी चौकात आण्णा त्या फ्लेक्सखाली बराच वेळ उभे होते. मी किराणा घेऊन मागून आले, त्यांना दिसले नाही. त्यांनी फोटो जवळून बघितला, मग रस्ता ओलांडून लांबून बघितला. शेजारी उभ्या असलेल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण हायत रं ह्या?"

"माझी लेक आन माझी सून," आण्णा म्हणाले, आणि हात उंच करून आमच्या अंगठ्यांवर बोट दाखवलं. "खेळायल्यात."